फिटरसाहेबांचा जोड

रविवारी सासऱ्यांनी संडासातल्या पाइपचा जोड दुरुस्त केला आणि हात पुसत जाहीर केलं, "आता दहा वर्षं इकडे बघायला नको." बुधवारी दुपारी सुनेचा पाय तिथेच घसरला. भिंतीतल्या कॉकमधून फ्लशच्या टाकीकडे जाणारी पाइप जोडाशी चांगलीच गळत होती.

सासरे पाणीखात्यात चौतीस वर्षं फिटर होते. गल्ली अजूनही त्यांना 'फिटरसाहेब' म्हणायची. तुमचा जोड गळतोय, असं त्यांना तोंडावर सांगायचं तिच्या जिवावर आलं. नवरा बाहेरगावी, मुलगी शाळेत, सासूबाई स्वयंपाकघरात. ती स्वतः शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती आणि आज तिला सुट्टी होती. सुटलेले टाके शोधण्यात दिवस जायचा तिचा, एक नट काय जड होता? सासऱ्यांचा डोळा लागलाय असं बघून तिने हळूच पाना उचलला, ओढणी कमरेला बांधली आणि कमोडमागे बसकण मारली.

कॉक बंद केला. नट बोटांनीच सुटला, पान्याची गरजच पडली नाही. आणि ती बघतच राहिली. पांढरी टेप नटावर बाहेरून गुंडाळली होती, जखमेवर पट्टी बांधावी तशी. आतले आटे उघडेबोडके. नटात रबराचा वायसर असायला हवा, तो नव्हताच.

तो जमिनीवर होता. पांढऱ्या फरशीवर काळा कुळकुळीत, नवा कोरा. दारातून दिसला नसता, पण जोड बसवायला खाली बसलेल्या माणसाला डावीकडे सहज दिसला असता.

फिटरला हा दिसला नाही?

"कोण आहे आत?"

सासरे दारात उभे होते. दार सताड उघडं, दिवा चालू, आणि ती हातभर अंतरावर.

"मी आहे बाबा." ती उठली. वायसर चिमटीत धरून तिने हात त्यांच्या गालाच्या बाजूला नेला. "हा राहिला होता."

"दे की मग," तिच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी तळवा पुढे केला.

तिने हात सावकाश पुढे सरकवला. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही. हात नाकासमोर आला तेव्हा ते दचकून मागे झाले.

तिने हात खाली घेतला.

"बाबा, कधीपासून?"

ते दाराशीच स्टुलावर टेकले. "डावा तर गेलाच. उजव्याने समोरचं तेवढं दिसतं. बाजूचं सगळं अंधारात. दीड वर्ष होईल."

दीड वर्ष. सकाळी आठला ते तिच्या मुलीला स्कूटरवरून शाळेत सोडून आले होते. काल सोडलं होतं. परवाही.

"बाबा, तुम्ही पोरीला स्कूटरवरून नेता!" तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"एकटा कुठे नेतो? तुझी सासू असते ना मागे."

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या, झारा तसाच हातात. भाजीच्या निमित्ताने त्या रोज स्कूटरवर मागे बसायच्या आणि अखंड बोलायच्या. डावीकडून बस येतेय, पुढे खड्डा आहे, लाल लागला, थांबा. गल्ली हसायची. 'फिटरसाहेबांचा भोंगा' असं नाव पडलं होतं त्यांचं. सूनही हसली होती.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"मी सगळं सांगते ना त्यांना. आजवर कुणाला खरचटलं तरी का?"

"तुमच्या दोघांच्या मध्ये माझी मुलगी बसते, आई!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "हे म्हणाले, घरात कळलं तर उद्यापासून मला कोपऱ्यात बसवतील," त्या हळूच म्हणाल्या.

सुनेने खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. मग ती परत आली, कारण घराला एकच संडास आणि पाणी बंद.

"वायसर आत सपाट बसव," सासरे दारातून म्हणाले. "हाताने आवळ, मग पान्याने पाव फेरा. जास्त जोर लावलास तर नट फुटेल."

"आणि टेप?"

"या जोडाला टेप लागतच नाही." ते थांबले. "वायसर हातातून पडला. चाचपून चाचपून थकलो, मग वरूनच टेप गुंडाळली. तुला हाक मारायची लाज वाटली."

तिने कॉक उघडला आणि जोडाभोवती कागद फिरवला. कागद कोरडा निघाला.

मुलीला आणायला ती चालत गेली. चौकात उजवीकडून एक ट्रक आला आणि ती रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली. शाळेच्या फाटकाशी तिने मुलीला इतकं घट्ट धरलं की मुलगी म्हणाली, "आई, दुखतंय ना!"

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येईल, म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी सुनेला विचारलं, "एका घरात राहता, कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

तिने थेंबांची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

दवाखान्यातून उतरताना सासऱ्यांनी पहिल्यांदाच तिच्या दंडाला धरलं.

"पायरी," ती म्हणाली.

"दिसली मला." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "नाही दिसली."