वरचं शेठचं, खालचं सोमीचं

पुदिना सोमीचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता तसं कुणी म्हणत नाही.

पनवेलहून डोंगराकडे जाताना काशिराम शेठची लिंबांची बाग लागते. बुधा आणि सोमी हे कातकरी नवरा-बायको ती बाग राखायचे. राखणदाराचा रिवाज असा, की झाडावरचं मालकाचं आणि झाडाखालचं राखणाऱ्याचं. खाली उगवून उगवून काय उगवणार? गवत, टाकळा, कुरडू. मालकाला ते नको असतं, म्हणून तर रिवाज टिकतो.

सोमीनं एकदा बाजारातून पुदिन्याची जुडी आणली, पानं चटणीत वाटली आणि देठ लिंबाच्या आळ्यात खोचले. सावली होती, ओल होती. दोन पावसाळ्यांत सगळ्या आळ्यांवर हिरवी गोधडी पसरली. तण मेलं, खुरपणी कमी झाली, भर वैशाखात माती ओली राहायला लागली. लिंबं टपोरी झाली, ती शेठची. पुदिन्याची पाटी घेऊन सोमी पनवेलच्या बाजारात बसू लागली. दिवाळीनंतर सगळी कातकरवाडी दारं बांधून वीटभट्टीवर गेली, तेव्हा एकट्या सोमीच्या घरात चूल पेटत होती आणि तिची रूपा शाळेत जात होती. एवढ्यासाठीच तर तिचा सगळा खटाटोप होता.

घोळ घातला बुधानं. रानातून काही आणलं की पहिला वाटा देवाला, दुसरा मालकाला, ही त्याच्या बापापासूनची चाल. मध असो, कंद असो. तो पुदिन्याची भलीमोठी जुडी घेऊन शेठच्या ओट्यावर गेला.

"कुठचा रं?"

"आपल्याच बागंतला, शेठ. सोमीनं लावलाय. आता खुरपाय पन लागत नाय."

शेठनं पान चुरगळून हुंगलं. "आनि मना आता सांगतंस?"

शेठच्या मेहुण्याचं हायवेला हॉटेल होतं. आठवड्यात बागेच्या फाटकाशी टेम्पो उभा राहिला. सोमी पाटी भरून निघाली होती.

"पाटी ठेव खाली, सोमे."

"शेठ, खालचं आमचं ना?"

"गवत तुमचं. यो पुदिना हाय."

"लावला मी."

"लावलास, पन कुठं? बापाची जमीन डोक्यावर घेऊन आलतीस काय?" टेम्पोतली माणसं हसली.

"मंग खुडनीला तरी ठेवा."

"खुडाला ही मानसं हायत ना."

सोमी गावात तुळशीराम पुढाऱ्याकडे गेली. निवडणुकीत हाच वाडीवर येऊन बायांना ताई-माई म्हणायचा. त्यानं चहा पाजला. "रिवाजाला कोरटात कोन इचारतं, सोमे? आनि शेठ काय परका हाय? सांबालून घे." लग्नाच्या पंगतीत तो शेठच्याच मांडीला मांडी लावून बसतो. त्याच्याकडून दुसरं काय निघणार होतं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बुधानं कुदळ उचलली. "आपल्याला नाय, तर त्यालाबी नाय."

"नको रे," सोमी म्हणाली. "पुदिना तोडशील तेवढा वाढंल."

बुधानं ऐकलं नाही. पानं, देठ, मुळं, सगळ्याचे तुकडे तुकडे करून त्यानं बागभर भिरकावले. घाम पुसत बसला तेव्हा त्याला वाटत होतं, आपण काहीतरी केलं. सोमी बांधावर बसून बघत राहिली. ती त्याचा हात धरायला उठली नाही.

आषाढात प्रत्येक तुकड्याला कोंब आला. आळी सोडून पुदिना ओळींच्या मधे पसरला, पार कुंपणापर्यंत. श्रावणात शेठ आला, तर पाय ठेवायला मातीच दिसेना.

"बुद्या, सगल्या बागंत पसरवलास? शाबास." शेठनं विडीचं बंडल काढून त्याच्या हातात दिलं. बुधानं ते घेतलं. "आता खुरपाला तं काय उरलाच नाय. मंग दोघांचा काय काम? दिवालीपासून नका येव."

बुधा सोमीकडे बघायला लागला. सोमी पुदिन्याकडे बघत होती.

दिवाळी झाल्यावर भट्टीचा ट्रक वाडीत आला. या खेपेला सोमीनंही दार काथ्यानं बांधलं. भांडी चढवली, कोंबड्या चढवल्या, रूपाला चढवलं. ट्रक बागेवरून गेला तेव्हा टेम्पो भरत होता.

"आये, भट्टीवर शाळा असते?" रूपानं विचारलं.

"सरक," सोमी म्हणाली. "बापाला बसाय जागा दे."