उस्तादांचं नख

उस्तादांच्या उजव्या अंगठ्याचं नख हे बंदूक क्लबचं सर्वोच्च न्यायालय होतं आणि गेली बावीस वर्षं तिथल्या निकालावर अपील नव्हतं. क्लबात आठ-दहा म्हातारे, सगळ्यांकडे ठासणीच्या बंदुका. आधी दारू ओतायची, मग कापडाच्या चकतीत बसवलेली शिशाची गोळी गजाने पार तळापर्यंत ठासायची. गोळी हवी मऊ शिशाची. कडक निघाली तर नळीत मध्येच अडकते, आणि तशात कुणी चाप ओढला तर नळी फुटायचीसुद्धा भीती. म्हणून शिसं निवडायचं आणि गोळ्या ओतायच्या, हे काम एकट्या उस्तादांचं. जन्मभर प्लंबिंग केलेलं. नखाने ओरखडा पडला तर मऊ, नाही पडला तर बाजूला काढ, इतका सोपा त्यांचा कायदा.

तसं पाहिलं तर आता त्यांच्याकडे हेच एक काम उरलं होतं. घरात नळाचा वायसरही कुणी त्यांना बदलू देत नसे. "तुम्ही बसा," हे ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. ओतकाम गेलं असतं तर ते नुसते बसलेले आजोबा झाले असते.

आणि हे काम काढून घ्यायला टपलाय कोण, तर आपला सख्खा व्याही, अशी उस्तादांची पक्की खात्री होती. व्याही म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांच्याकडे पेन्सिलींचा अख्खा संच होता, लोण्यासारख्या मऊपासून खिळ्यासारख्या कडकपर्यंत. ठरावीक नंबरची पेन्सिल शिशात रुतली तर ते मऊ, घसरली तर कडक, असं त्यांचं शास्त्र. मुलगी त्यांच्या घरात नांदत असल्यामुळे उस्तादांना धड भांडताही येत नव्हतं. दोघं एकमेकांना 'अहो-जाहो'त जेवढं टोचता येईल तेवढं टोचत.

यंदा क्लबच्या नेमबाजीच्या सामन्याच्या आठवडाभर आधी उस्तादांनी दोन ढीग आणले. एक पाडलेल्या घरातल्या शिशाच्या पाइपांचा, दुसरा गॅरेजातून मिळालेल्या, गाडीच्या चाकांना लावतात त्या छोट्या वजनांचा. दोन्हींवर नख चालवलं. दोन्हींवर ओरखडा! उस्ताद खूश. मास्तरांनी प्रत्येकातला एकेक तुकडा घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला.

"पाइप उत्तम आहे, उस्ताद. पण ही वजनं कडक आहेत. मिश्रधातू दिसतोय."

"मास्तर, पेन्सिल शाळेत ठीक आहे हो. फळ्यावर बंदूक झाडायची नाहीये आपल्याला."

उस्तादांनी मुद्दाम वजनंच आधी वितळवली आणि शनिवारी सकाळी परसातल्या शेडमध्ये शंभर गोळ्या ओतल्या. आरशासारख्या चकचकीत. एकेक गोळी पत्र्याच्या ट्रेमध्ये पडत होती आणि ते मनातल्या मनात मास्तरांना हरवत होते.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, हे काय वाजतंय? दर वेळी थप् आवाज येतो. आज टण्ण टण्ण चाललंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तिने ट्रेच्या कडेची गार झालेली गोळी उचलून नख लावलं. नख घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं.

"तुझं नखच मऊ," उस्ताद म्हणाले. "खरं नख कडक धातूवरच कसं घसरतं ते दाखवतो." त्यांनी हत्यारांच्या पेटीतून सोल्डरची काडी काढली. चाळीस वर्षं असल्याच काड्या वितळवून त्यांनी पाइपांना जोड दिले होते. शिशाहून कडक असलेल्या त्या काडीवर त्यांचं नख कधी म्हणजे कधी चाललं नव्हतं. आता बायकोसमोर त्यांनी तिच्यावर नख ओढलं.

लख्ख ओरखडा पडला.

उस्ताद बाकावर बसले. त्यांनी अंगठा उन्हात धरून पाहिला. नख पिवळं, जाड, पहारीसारखं झालं होतं. वय वाढलं तसं तेही कडक होत गेलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. शिसं मऊ नव्हतं, न्यायाधीशच कामातून गेला होता. त्यांना रडू येईलसं वाटलं.

बायकोने पदर खोचला. "उठा आता. ह्या गोळ्या बाजूला काढा. मी नख लावते, तुम्ही ओता."

दुपारभर ती एकेक पाइपाचा तुकडा तपासत "हा चालेल" म्हणत होती आणि उस्ताद निमूटपणे ओतत होते. लग्नानंतर इतका वेळ त्यांनी तिचं सलग कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी मैदानावर बायकोला शेजारी उभं करून उस्तादांनी गोळ्यांची पेटी उघडली. मास्तरांनी एक गोळी उचलली, खिशातून पेन्सिल काढून रेघ ओढली आणि गोळी डोळ्यांजवळ धरली. सगळे बघत राहिले.

"मऊ! एकदम मऊ. उस्ताद, मानलं तुम्हाला. तुमच्या नखाला तोड नाही."

बावीस वर्षं ज्या माणसाच्या तोंडून हे ऐकायची इच्छा होती, त्याच माणसाने ते चारचौघांत म्हटलं होतं. गप्प बसलं की झालं! पण उद्या पुन्हा ढीग येणार, पुन्हा हेच नख चालणार आणि नळी कुणाच्या तरी तोंडाशी फुटणार.

"नख हिचं आहे," ते बायकोकडे बोट दाखवून म्हणाले. "माझं गेलं. आता ते कशावरही चालतं. त्या वजनांचं तुम्ही बरोबर सांगितलं होतंत, मास्तर. माझंच चुकलं."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरांनी उस्तादांना हाताला धरून जरा बाजूला नेलं आणि आवाज खाली आणला.

"मी कुठे सांगितलं होतं? मला पेन्सिलीचा नंबर दिसत नाही, की रेघ दिसत नाही. दोन वर्षं झाली. घरी नेतो ते त्यासाठीच. तपासते सूनबाई. ती म्हणाली कडक, म्हणून मी म्हणालो कडक."

"माझी मुलगी?"

"तुमचीच. फार चोख काम आहे तिचं. आवड आहे तिला."

उस्ताद थक्क झाले. "मग आत्ता तुम्हाला काय दिसलं?"

"काही नाही. विहीणबाई पेटीशेजारी एवढ्या निर्धास्त उभ्या होत्या, म्हटलं गोळी मऊच असणार."

उस्तादांना हसू फुटलं, मग मास्तरांनाही. मागून पंच नाव पुकारत होते, पण दोघांना श्वास घ्यायला सवड नव्हती. शेवटी उस्तादांनी डोळे पुसले.

"मास्तर, पुढच्या वेळी तुकडा घरी नेऊ नका. तिलाच पाठवा," ते म्हणाले. "शिसं ओतायची पळी कशी धरायची ते मी तिला दाखवतो. तेवढं अजून येतं मला."