कंजी घेतली का?

मित्रांनो, कोपऱ्यात काच तडकलेला आणि तासाभरात मान टाकणारा असा मी एक जुना टॅब आहे. केरळातल्या आलप्पुळाच्या एका इस्पितळात औषधांच्या कपाटात पडून असतो. एके काळी मात्र माझी केवढी वट होती!

करोनाच्या साथीत आखातात नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांनी मला इस्पितळाला भेट दिले. आजारी माणसे वॉर्डात आणि घरचे घरात कोंडलेले. रोज सकाळी दहाला रोसिली सिस्टर मला हातात धरून अकरा घरांना त्यांचे माणूस दाखवायची. प्रत्येक घराचा पहिला प्रश्न ठरलेला, "कंजी घेतली का?" भाताची कंजी पोटात गेली म्हणजे माणूस वाचला, अशी तिथली समजूत.

नावाडी कुंजप्पन यांची मुलगी बिंदुजा पहिल्याच दिवशी वडिलांबद्दल म्हणाली होती, "सिस्टर, अच्छनचं जे असेल ते खरं सांगा. गोड बोलून फसवू नका हं."

"नाही गं फसवणार."

सिस्टरने शब्द पाळला. कुंजप्पननी दोन चमचे घेतली तर ती दोनच सांगायची.

नवव्या दिवशी पावणेदहाला कुंजप्पन गेले. अशी बातमी डॉक्टरांनीच द्यायची, हा नियम. आणि डॉक्टर दुसऱ्या रुग्णापाशी अडकलेले. "ते येईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही," मेट्रनबाईंनी बजावले. सिस्टरने फोन लावला नाही, तर बिंदुजाचाच आला.

"अच्छनने कंजी घेतली का?"

सिस्टरने माझे तोंड भिंतीकडे फिरवले. "हो, घेतली."

"किती?"

"वाटीभर."

का बोलली कोण जाणे! पलीकडे बिंदुजा आनंदाने ओरडली, "अम्मा, अच्छनने वाटीभर घेतली!"

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी खरे सांगितले. उरलेल्या दहा घरांना सिस्टरने त्याच सकाळी फोन केले. त्यात मी तिच्या हातून दोनदा पडलो. तिने चार दिवसांची रजा मागितली, तर मेट्रनबाई म्हणाल्या, "सगळ्याच रडत बसल्या तर फोन कोण करणार? मी?" पुढे इस्पितळाने तिला शाल पांघरवून तिचा फोटो काढला. मला त्या शालीचा अजून राग येतो.

महिन्याने बिंदुजा वडिलांचे कपडे न्यायला आली. सिस्टर मला काखेत धरून उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या त्या फोनवरच्या बाईचा चेहरा बिंदुजाने कधी पाहिलाच नव्हता. तिने सिस्टरलाच विचारले, "रोसिली सिस्टर कुठायत? त्यांच्या शब्दावर अम्माने त्या दिवशी गोडाचं पायसम केलं होतं. एवढंच सांगायचंय त्यांना."

"त्या नोकरी सोडून गेल्या," सिस्टर म्हणाली.

त्याच दुपारी तिने राजीनामा लिहिला.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझ्यासारखे छप्पन्न मिळतील. पण इस्पितळातली एखादी तुमच्याशी खोटे बोलली, तर तिला जाब विचारताना एवढेही विचारा, की बाई, तुला एकटीला पुढे करून बाकीचे सगळे कुठे गेले होते?