आवाज बंद, चित्र चालू

लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारी चिकटवलेली मरून टिकली एका कडेनं सुटायला आली होती, आणि सुलक्षणा ती नखानं दाबून बसवत होती... दाबली की बसते, बोट काढलं की कड पुन्हा वर. या टिकलीकडे बघून बोलायचं, म्हणजे समोरच्याला वाटतं की आपण त्याच्या डोळ्यांत बघतो आहोत. आणि खरोखर त्याच्या डोळ्यांत, म्हणजे खाली पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर त्याला वाटतं ही बाई नजर चुकवते आहे. दोन वर्षं झाली, पण ही उलटी रीत तिच्या अंगवळणी पडली नव्हती. माणसाकडे न बघता त्याचा विश्वास मिळवायचा — ही लबाडी की शिष्टाचार, तेही तिला नीट ठरवता आलं नव्हतं.

जळगावला असताना बरं होतं. मध्यस्थी केंद्रातल्या त्या गोल टेबलाशी ती दोन्ही पक्षांना शेजारी शेजारी बसवायची, समोरासमोर कधीच नाही. पाण्याचा पेला स्वतः उचलून हातात द्यायची, आणि पेला घेताना माणसाची बोटं कशी वागतात एवढ्यावरून तिला अर्धा दावा कळायचा. मग नवऱ्याची, योगेंद्रची, बदली धुळ्याला झाली, तीही आली. जळगावच्या मध्यस्थांच्या यादीतलं तिचं नाव मात्र तसंच राहिलं, आणि माणसं चौकोनांत आली. चौकोनात हात दिसत नाहीत. कपाळं दिसतात, छताचे पंखे दिसतात, मागून जाणारी माणसं दिसतात — आणि एखादा गप्प बसला तर तो विचार करतो आहे, चिडला आहे की त्याची रेंज गेली आहे, काही कळत नाही.

अकराला पाच कमी होते. आजची बैठक धरणगावच्या दोन शेजारणींची, तिसरी. प्रमिलाबाई, वय बहात्तर, दावा लावणाऱ्या. मेहरुन, वय अठ्ठेचाळीस, शिवणकाम करणारी. मेहरुनच्या घराची मागची भिंत प्रमिलाबाईंच्या मागच्या अंगणाला लागून, आणि त्या भिंतीत मेहरुननं चार वर्षांपूर्वी एक खिडकी पाडली. प्रमिलाबाई तेव्हा महिनाभर लेकीकडे गेलेल्या. परत आल्या तर अंगणात नवी कोरी खिडकी त्यांच्याकडे बघत होती. कोर्टानं निकाल लागेपर्यंत ती बंद ठेवायला सांगितली. मेहरुननं तिच्यावर पत्रा ठोकला. आणि त्या दिवसापासून दोघींमध्ये एक शब्द नाही. त्याआधी वीस वर्षं — दोन्ही बाजूंच्या कागदांत हे कुठंच नव्हतं, पण पहिल्याच बैठकीत कळलं होतं — त्याआधी वीस वर्षं दोघी एकमेकींच्या घरात न विचारता शिरायच्या. दोन महिन्यांपूर्वी प्रमिलाबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, जळगावला येणं शक्य नाही, म्हणून हे फोनवरचं. वकील पहिल्या बैठकीला होते. नंतर ‘तुम्हीच बघा मॅडम’ म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं होतं.

आणि मागच्या आठवड्यात सुलक्षणा दोघींशी वेगवेगळी बोलली होती.

प्रमिलाबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या होत्या, “माले इचारं नही तिनी. येक सबद इचारती ते मीच गवंडी बलाई देती!” एवढंच. खिडकीचं दुःखच नव्हतं ते.

आणि त्याच दुपारी मेहरुन म्हणाली होती, “मॅडम, मी गेले होते ना विचारायला. अक्का लेकीकडे जायच्या आदल्या दिवशी. ललितभाऊ दारात उभे होते. आत गेले, बाहेर आले, म्हणाले, आई म्हणते, तुझ्या घराचं तू बघ, आम्हाला काय विचारते.” मग जरा थांबून, “अक्का असं बोलतील असं वाटलं नव्हतं. राग आला मला. तीन फुटांची करायची होती, चार फुटांची केली.”

प्रमिलाबाईंच्या मुलानं, ललितनं, निरोप आत नेलाच नव्हता. घाईत असेल, कंटाळला असेल. दाव्याच्या कागदात ‘न विचारता’ असं वाचलं तेव्हाच मेहरुनला ते कळलं होतं — आणि चार वर्षं ती गप्प होती. “हे मी त्यांना सांगू का?” सुलक्षणानं विचारलं, तर तिनं दोन्ही हात जोडले. “नको. अक्का आता अंथरुणावर. सगळं ललितभाऊच करतात. त्या घरात मी काडी नाही टाकणार.”

बंद खोलीत सांगितलेलं बंद खोलीत राहतं. तो नियम सुलक्षणा प्रत्येक बैठकीत पहिल्यांदा सांगायची, आणि आज तोच तिला टोचत होता. एक वाक्य. एक वाक्य उचलून इकडचं तिकडे ठेवलं की संपलं... पण ते वाक्य माझं नाही.

अकराला प्रमिलाबाईंचं कपाळ आलं. सून सारिकानं फोन डब्याला टेकवून नीट केला, मग पूर्ण चेहरा आला, मागे ऊन, आणि सारिका “मी शाळेत जाते आई” म्हणून गेली. दुसऱ्या चौकोनात अंधारी खोली, शिलाई मशीन, आणि दिवसाढवळ्या लावलेल्या दिव्याखाली मेहरुन.

“ऐकू येतंय ना दोघींना?” सुलक्षणानं टिकलीला विचारलं.

“माले दोनदा ऐकू येस,” प्रमिलाबाई म्हणाल्या. आणि खरंच, त्यांचं ‘येस’ पुन्हा एकदा आलं, लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. मग शिट्टी वाजली. मागच्या बैठकीतही हेच. सुलक्षणानं एकीचा आवाज बंद केला, मग दुसरीचा. ज्या बाईचा आवाज बंद होई तिला वाटे, आपल्याला बोलू देत नाहीत. दहा मिनिटं यातच गेली. सुलक्षणाच्या मानेला रग लागली. हे असं नाही व्हायचं, तिच्या मनात आलं, मी गाडी काढून धरणगावला गेले असते तर निदान...

तेवढ्यात गल्लीत लसूणवाला आला. त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज — लसूण घ्या लसूण — दोन्ही चौकोनांतून एकदम आला, आणि दोघींनी एकाच क्षणी मान वळवली. प्रमिलाबाई आपल्याशीच पुटपुटल्या, “हाऊ सडेल लसूण देस.” आणि दुसऱ्या चौकोनात मेहरुन फसकन हसली. हसली आणि लगेच पदर तोंडाशी नेला, पण हसणं निघून गेलं होतं.

सुलक्षणानं टिकली सोडून दिली. सरळ पडद्याकडे बघितलं. मेहरुनचा आवाज तर तिनं बंद ठेवला होता! मग ते हसू तिला ऐकू आलं ते कुठून?

“प्रमिलाबाई,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही कुठं बसल्या आहात?”

“कोठे म्हंजे? मांगल्या पडवीमा. आठे ऊन येस, रेंजबी येस. खाट आठेच आनी टाकी पोऱ्यानी.”

“आणि मेहरुनचं घर?”

म्हातारीनं डावीकडे बघितलं. “आते काय सांगू माय... हाऊ पत्रा शे, आन पत्राना पल्याडे ती शे.” आणि खात्री पटवावी म्हणून उशाची काठी उचलून त्यांनी डावीकडे ठोकली. धण्ण! दुसऱ्या चौकोनात मेहरुन जागच्या जागी उडाली.

चार हात. धुळ्याहून आवाज फेकायचा, तो कुठं कुठं फिरून धरणगावात पोचायचा, आणि या दोघी चार हातांवर बसून माझी वाट बघतायत — सुलक्षणाला एकाएकी इतकं हसू आलं की तिनं ओठ दाबले.

मेहरुननं आपणच फोनला हात लावून आवाज उघडला. “अक्का,” ती म्हणाली. चार वर्षांतला पहिला शब्द. “खाट इथं कधी आणली? रात्री कण्हताना ऐकू येतं मला, मी म्हणायची, आतल्या खोलीतून कसं येतं...”

प्रमिलाबाईंचं उत्तर शिट्टीत बुडालं. सुलक्षणाचा हात सवयीनं बटणाकडे गेला — एकीला थांबवायचं, दुसरीला बोलवायचं, मग पहिलीचं म्हणणं मऊ करून दुसरीसमोर ठेवायचं — आणि अर्ध्यात राहिला.

“ऐका,” ती म्हणाली. “मी इथून तिघींचेही आवाज बंद करते. तुम्ही पत्र्यातून बोला. मला काही ऐकू येणार नाही.”

“तुम्ही जाणार?” मेहरुन घाबरली.

“नाही. दिसते आहे ना मी? दिसतच राहणार. नको वाटलं तर हात वर करायचा, त्या क्षणी मी आले. चालेल?”

प्रमिलाबाईंनी पडद्यातून तिच्याकडे बराच वेळ बघितलं. काय बघत होत्या कोण जाणे. मग मान हलवली. मेहरुननंही हलवली. सुलक्षणानं तीन बटणं दाबली.

शांतता झाली. खाली रस्त्यावरून आग्रा रोडकडे निघालेल्या रिक्षाचा आवाज आला, तो मावळला. पडद्यावर दोन बायकांचे ओठ हलत होते.

पहिल्यांदा तिला वाटलं, ओठांवरून ओळखता येईल. मग वाटलं, हे कानाऐवजी डोळ्यांनी चोरून ऐकणंच झालं, आणि तिनं तो नाद सोडला. प्रमिलाबाईंचा हात वर गेला — आला का इशारा? — नाही, तो रागाचा होता, हवेत एक फटकारा मारून खाली आला. मेहरुन एकदम उठली. चौकोनातून बाहेर गेली. मागं शिलाई मशीन राहिलं आणि त्याच्या चाकावर पडलेलं निळं कापड.

एक मिनिट. दोन. गेली ही. मी घालवली. बोट बटणावर होतं. मला हे वाक्य माहीत आहे ना, मी सांगू शकते ना, फार तर चुकीचं होईल, पण भांडण तर मिटेल... लहानपणी हेच तर करत होते मी. दोंडाईच्याचं रेल्वेचं क्वार्टर, दोन खोल्या, मध्ये पडदा. बाबा पार्सल ऑफिसातून आले की बाहेर बसायचे, आई आत, आणि महिनोन् महिने त्यांचं सगळं बोलणं माझ्यातून जायचं. ‘तिला सांग, मीठ जास्त झालंय.’ मी आत जाऊन सांगायचे, ‘बाबा म्हणतात, भाजी छान झालीय, मीठ फक्त इतकुसं...’ आठ वर्षांची मी. निरोप आत नेताना गोड करायचे, बाहेर आणताना गोड करायचे, आणि मला वाटायचं, हे घर माझ्या दोन पायांवर उभं आहे. आणि मग एकदा शाळा अर्ध्या दिवसानं सुटली. पायरीवर आले तर आतून हसू — दोघांचं. एकमेकांशी, सरळ, मी नसताना. मी दप्तर घेऊन तिथंच उभी राहिले, आणि मग भोकाड पसरलं. आई धावत आली, म्हणाली, पडलीस का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

ही आठवण तिनं योगेंद्रलाही कधी सांगितली नव्हती. आता ती आली, आणि तिच्यामागून एक लाजिरवाणा विचारही आला: इतकी वर्षं इतकी भांडणं मिटवली, पण प्रत्येक वेळी दोन्हीकडचं बोलणं माझ्यातूनच जावं असंच मला वाटत आलं का?

तिनं बटणावरून बोट काढलं. हात मांडीवर ठेवले. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की प्रमिलाबाई बोलायच्या थांबलेल्याच नव्हत्या. त्यांनी फोनकडे पाठ केली होती. पडद्यावर नुसता पांढरा अंबाडा, आणि डाव्या बाजूला पत्र्यावर सपाट टेकलेला तळहात. मेहरुन गेली नव्हती. ती खिडकीशी गेली होती.

एका चौकोनात पाठ, दुसऱ्यात निळं कापड. सुलक्षणा बघत राहिली. प्रमिलाबाईंचे खांदे हलू लागले. रडतायत, तिला वाटलं... मग त्यांनी दुसऱ्या हातानं खुबा धरला आणि मान मागे टाकली, आणि चेहरा क्षणभर उन्हात आला — हसत होत्या! दुखत होतं, तरी हसत होत्या. दातांविना, तोंड भरून. काय बोलली असेल ती? लसणाचं? चार फुटांचं? ललितचं सांगितलं असेल का? की ते तिनं ठेवूनच घेतलं, आणि तरीही हे हसू आलं? पडद्याच्या अलीकडे सुलक्षणाही हसू लागली, कशाला ते माहीत नसताना, आवाज बंद असताना, एकटीच, मोठ्यानं.

बावीस मिनिटांनी मेहरुन परत चौकोनात आली. तोंड धुतलेलं होतं. तिनं हात वर केला. सुलक्षणानं आवाज उघडले.

“मॅडम, पुढची तारीख द्या.”

“काही ठरलं का?”

मेहरुननं पत्र्याकडे बघितलं. प्रमिलाबाई सावकाश वळल्या, पदर सारखा केला. “ते आमनं आम्ही पाहूत.”

“खिडकीचं काय म्हणता?”

“खिडकीनं?” म्हातारीनं तिच्याकडे असं बघितलं की हिला काही समजत कसं नाही. “खिडकीनं ते आजून नावबी नही लिधं आम्ही. टाइम कोठे व्हता?”

पुढची तारीख एकवीस. बैठकीच्या नोंदीत ‘चर्चा सुरू आहे, पक्षकारांनी मुदत मागितली’ एवढंच लिहिलं, त्यापेक्षा जास्त तिला ठाऊकही नव्हतं. लॅपटॉप मिटल्यावर ती गच्चीत जाऊन उभी राहिली. डिसेंबरचं ऊन होतं, समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या वाळत टाकल्या होत्या, आणि तिला अशी भूक लागली होती जशी लांबून चालत आलेल्या माणसाला लागते.

योगेंद्र जेवायला घरी आला तेव्हा तिनं ताटं वाढलेली होती. पहिला घास मोडत त्यानं विचारलं, “मिटलं का तुझं धरणगावचं?”

“माहीत नाही.”

“म्हणजे? बोलल्या की नाही?”

“बोलल्या की! बावीस मिनिटं बोलल्या.”

“काय बोलल्या?”

सुलक्षणाचा हात भाकरीवर थांबला. आत कुठं काही रिकामं वाटतंय का, हे तिनं जीभ फिरवून दात चाचपावा तसं चाचपून बघितलं. एकवीस तारखेला कदाचित सगळं पुन्हा फिसकटेल; कदाचित त्या दोघी फोनच लावणार नाहीत.

“मला नाही सांगितलं,” ती म्हणाली — आणि ते तिच्या तोंडून इतक्या खुशीनं निघालं की योगेंद्रनं मान वर करून बघितलं, हिला कुणी काही दिलं की काय म्हणून.