गाठ मारलेला दोर

सुपारीच्या काढणीला हात लागला आणि पहिल्याच दिवशी बीरा गौडा झाडावरनं पडला. एका शेंड्यावरून दुसऱ्यावर झेपावताना दोर तुटला, मांडीचं हाड मोडलं. दोर बागवाल्यानं द्यायचा ही आमच्या मलनाडातली रीत. चढणाऱ्याच्या घरचा वर्षाचा भात ह्याच हंगामावर शिजतो.

बागवाला सुबराय धनी दोन नारळ घेऊन आला. मी शेजारीण, धन्याचीच सुपारी सोलणारी, तिथंच बसले होते.

"देवाची मर्जी, बीरा."

"दोर देवानं दिला नव्हता, धनी," बीराची बायको नागी म्हणाली. "हंगामाची मजुरी द्या."

"न चढता मजुरी? उद्या ही सोलणारीण म्हणंल, न सोलता पैसं द्या."

हे माझ्याकडं बघून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी नागी सगळ्या चढणाऱ्यांच्या दारात जाऊन आली.

दुसऱ्या दिवसापासून धन्याच्या बागेत कुणी पाऊल टाकेना. एकाची कंबर धरली, दुसऱ्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. धन्यानं दुप्पट मजुरी देऊ केली, तरी कुणी बधलं नाही. सुपारी हिरवी उतरवून उकळली तरच भाव. झाडावर पिकली की मातीमोल. घड हळूहळू पिवळे पडायला लागले. बीरा अंथरुणातनं रोज विचारायचा, "अक्का, आज किती पिवळं झालं?" मी सांगायचे. औषधापेक्षा तेच त्याला लागू पडत होतं.

शेवटी धनी मुकाट्यानं सगळी मजुरी घेऊन आला. नागीनं ती मोजून कनवटीला लावली.

"आता तरी सांग त्यास्नी चढायला," धनी म्हणाला.

"दोर दावा आधी," बीरा म्हणाला.

धन्याच्या गड्यानं दोर पुढं केला. तोच जुना, तुटला तिथं गाठ मारलेला. मेल्या धन्याच्या हातून चिंधीसुद्धा सुटायची नाही.

"धनी, ह्याला एकदा लोंबकळून दावा. मग आमची माणसं चढतील," बीरा म्हणाला.

धनी गाठीकडं बघत राहिला. "नवा आणतो," तो पुटपुटला.

"आणा की. पर दोरवाला बसतो मंगळवारच्या बाजाराला, आन् बाजार तर कालच झाला."

हंगामात उसना दोर कोण देणार? धनी खाली मान घालून गेला.

"अक्का, मंगळवारपातूर किती पिवळं होतील?"

"समदेच," मी म्हणाले.

पडल्यापासून पहिल्यांदाच बीरानं नागीकडे भात मागून घेतला.