मूल उठल्यावर आरती

हरिहरशास्त्र्यांच्या पुराणात मूल मरायचंच. चातुर्मासात ते ठाण्याहून आगगाडीने कल्याणला येत आणि आमच्या आळीतल्या देवळात दुपारी पोथी सोडत. प्रत्येक आख्यानात कुठल्या ना कुठल्या राणीच्या मांडीवर राजपुत्र मरून पडे. राणी ऊर बडवी, देव धावून येई, मूल डोळे चोळत उठे. राजाचं नाव तेवढं बदले. शास्त्रीबुवांकडे एकच मूल आहे, तेच सगळ्या राण्यांना पुरवतात, असं मी म्हणायचे. माझी तीन गेली, तेव्हा कुठला देव आला नव्हता. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि राणी रडू लागली की त्याच ढसाढसा रडायच्या. मीही रडायचे, आणि मग माझाच मला राग यायचा.

एक नियम मात्र शास्त्रीबुवा पाळत. मरणावर पोथी बांधायची नाही. कितीही उशीर होवो, आरती मूल उठल्यावरच. नाहीतर ते मरण ऐकणाऱ्याच्या घरात शिरतं, असं सगळी आळी मानायची.

त्या सोमवारी राजपुत्र विहिरीत पडून मेला आणि शास्त्रीबुवांना हुडहुडी भरली. दातावर दात आपटू लागले. त्यांनी पोथी तशीच फडक्यात बांधली आणि गाडी गाठली. माझ्या शेजारी बसलेली सुमती पांढरीफटक पडली. आमच्या घराला लागूनच तिचं घर. तिच्या मांडीवर तिचा दत्तू होता, सकाळपासून तापाने फणफणलेला.

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा आले नाहीत. बुधवारी दत्तू डोळे उघडेना. डॉक्टरांनी औषध दिलं आणि आता वाट पाहा म्हणाले. सुमतीने नवऱ्यामागे एकच धोशा लावला, ती पोथी आणा. राघो इंग्रजी शिकलेला, रेल्वेत कारकून. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तो निमूट ठाण्याला गेला. दुसरं काय करणार होता?

दुपार कलली. मी दत्तूच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत होते. त्याचा श्वास अडकत होता.

"काकू, तुम्हाला सगळं पाठ आहे," सुमती म्हणाली. "तुम्ही सांगा."

मी सांगू लागले. राजपुत्राला विहिरीतून काढलं, राणीने मांडीवर घेतलं. रडणं मी निम्म्यावर आणलं आणि देवाला घाईघाईने बोलावलं. देव म्हणाला, ऊठ बाळा. राजपुत्र उठला.

माझ्या हाताखालचं कपाळ तोवर गार पडत चाललं होतं. श्वासही थांबला होता. असं कपाळ मी पूर्वी हाताळलेलं आहे, मला कुणी सांगावं लागत नाही. सुमतीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मुलाचं डोकं आणखी जवळ घेतलं.

"दुसरी सांगा," ती म्हणाली.

पोर गेलं गं, एवढे शब्द बोलायला माझी जीभ उचलेना. मी दुसरा राजा घेतला. दुसरी राणी, तेच मूल. तेही उठलं. सुमती तशीच बसून होती. मग मी आणखी एक राजा घेतला.

राघो फडक्यातली पोथी छातीशी धरून दारात उभा राहिला, तेव्हा मी पुढच्या राजाला नाव शोधत होते. मला एकही नाव आठवेना.