टेबलावर ठेवलेली कॉफी

आमच्या बाबांनी स्वतःसाठी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, आणि दुसऱ्यासाठी मागणी घालायला ते कधी मागे राहिले नाहीत. अम्मानच्या जबल हुसेन भागात कुणाच्या मुलाचं लग्न ठरवायचं असलं, की मुलीकडे जाणाऱ्या मंडळींच्या पुढे आमचे बाबा, अबू हातिम, हवेतच. तिथे कडू कॉफी यायची. बाबा कप हातात घ्यायचे, ओठाला न लावता समोर ठेवायचे आणि म्हणायचे, आमची एक मागणी आहे, ती पुरी झाल्याशिवाय तुमची कॉफी पिणार नाही. मग मुलीकडचा वडीलधारा माणूस "कॉफी प्या, मुलगी तुमची" म्हणायचा आणि आतून बायकांच्या आनंदाच्या ललकाऱ्या उठायच्या. आमच्या गल्लीतली अर्धी लग्नं बाबांच्या गार झालेल्या कॉफीवर जमलेली आहेत.

घरी मात्र हा माणूस पानात मीठ कमी पडलं तरी मागायचा नाही. आई ओळखून वाढायची. आई गेली, बाबा माझ्याकडे राहायला आले, आणि ओळखायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आईइतकं जमलं नाही. मला मुळात धीर कमी. तोंडाने सांगा ना काय हवं ते, असं मी दिवसातून चारदा त्यांच्यावर खेकसते.

त्यामुळे माझ्या भावाचा, हातिमचा, दोह्याहून फोन आला की आता बाबांना मी नेणार, तेव्हा बाबा फक्त "बरं" म्हणाले. हातिमचं म्हणणं असं, की माझं घर टेकडीवर, पायऱ्या पायऱ्यांचं, आणि बाबांचे गुडघे गेलेले. खरं कारण वेगळं होतं. मुलगा जिवंत असताना बाप जावयाच्या घरी राहतो, हे लोकांना काय दिसेल, ही त्याची चिंता. माझ्या नवऱ्याने, मुनीरने, यावर कधी चकार शब्द काढलेला नाही. उलट सोंगट्या खेळायला हरणारा गडी घरातच आहे म्हणून तो खुशीत असतो. पण हातिमने मंगळवारचं तिकीट काढूनही टाकलं. मी बाबांना एकीकडे घेऊन सांगितलं, की जायचं नसेल तर बोला, मी बघून घेते हातिमला. बाबा म्हणाले, तुम्ही भावंडं ठरवाल तसं. मला इतका राग आला की त्या रात्री मी त्यांच्याशी बोललेच नाही.

तर हा त्यांचा अम्मानमधला शेवटचा शुक्रवार होता, आणि शुक्रवारी नमाजानंतर आम्ही बापलेक उम्म लबीबच्या खाणावळीत जेवतो. मुनीर त्या दिवशी त्याच्या आईकडे असतो. मला स्वयंपाकाला सुट्टी, बाबांना गावाकडचं जेवण.

गावाकडचं म्हणजे तुलकरमकडचं. बाबा सदुसष्टच्या युद्धात पोरवयात तिथून नदी ओलांडून इकडे आले ते आलेच. उम्म लबीबचा जन्म इथलाच, पण हात तिच्या आईचा, आणि आई बाबांच्या शेजारच्या गावची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा लबीब जर्मनीत. ती आणि तिचा थोरला भाऊ अबू मिशाल, दोघं मिळून खाणावळ चालवतात. ती आत भट्टीपाशी, तो बाहेर गिऱ्हाइकांत. मी तिला पहिल्यापासून मावशी म्हणते.

या मावशीपुढे मात्र बाबांना तोंड फुटायचं. मुसख्खन, म्हणजे तेलात मुरलेल्या रोट्यांवर कांदा आणि कोंबडी, पुढ्यात आलं, की आधी रोटी उचलून बघायचे तेल खालपर्यंत मुरलंय का, मग कांद्यावरून सुरू व्हायचे. त्यांच्या गावात म्हणे कांदा बारीक कापून तेलात विरघळवायचे, तिच्या गावात जाडाभरडा. यावर मावशी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, की तुमच्या गावाला दात नव्हते वाटतं. झालं, बाबा खूश. सबंध आठवडा "बरं" आणि "तुम्ही म्हणाल तसं" करणारा माणूस कांद्यासाठी मान ताठ करून भांडायचा. मला वाटायचं, गावचं कुणी भेटलं की होतं माणसाचं असं.

वसंतात तर त्यांनी कमालच केली होती. बाजारातून टोपलीभर अक्कूब आणलं. ही डोंगरातली काटेरी भाजी, खायला झकास, पण निवडताना जीव जातो. बाबा माझ्या गॅलरीत कात्री घेऊन बसले आणि एकेक काटा कापत राहिले. बोटं रक्ताळली तरी हूं का चूं नाही. मी मनात म्हटलं, चला, लेकीची कीव आली शेवटी. संध्याकाळी बघते तर सगळी भाजी पिशवीत भरून मावशीकडे निघालेली. मी आरडाओरडा केला. बाबा म्हणाले, "तिला कुठे वेळ असतो गं निवडायला." तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. गल्लीतल्या कुठल्या मुलीचं कुठल्या मुलाकडे लक्ष आहे हे मी सर्वांच्या आधी सांगते, पण स्वतःच्या बापाच्या बाबतीत मी ठार आंधळी निघाले.

त्या शुक्रवारी मला आणखी एक काम होतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाबांचा रक्तदाब बघून मीठ कमी आणि कॉफी बंद असं फर्मान काढलं होतं. घरातला कॉफीचा डबा मी लपवून ठेवला होता, पण मावशीला सांगायला हवं होतं. म्हणून बाबांना टेबलाशी बसवून मी आत गेले आणि म्हटलं, बाबांच्या ताटात मीठ जरा कमी घाल.

"ते मी कधीपासून कमीच घालते," ती भट्टीतून रोटी काढता काढता म्हणाली. "चेहरा लालबुंद दिसायचा त्यांचा. तुला नाही दिसला?"

मला हे लागलं. सख्खी मुलगी मी, आणि चेहरा हिने पाहावा. त्या रागात मी जरा जास्तच मोठ्याने म्हटलं, की आता पुढच्या शुक्रवारपासून तो त्रासही नको घेऊस, मंगळवारी बाबा कायमचे दोह्याला चाललेत.

मावशीच्या हातातली रोटी हातातच राहिली. भट्टीतली गरम रोटी होती, चटका बसला असणार. "असं," एवढंच ती म्हणाली. बाबांनी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. ते लक्षात येऊन मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की कॉफीचं सांगायचं मी साफ विसरले आणि बाहेर येऊन बसले.

ताटं मावशीने स्वतः आणली. नेहमीप्रमाणे बाबांच्या ताटात सगळ्यात खालची रोटी होती, जिच्यात सगळ्यांचं तेल झिरपून येतं ती. घरात ती आजोबांना वाढतात, नाहीतर लाडक्याला. बाबांनी घास घेतला, कांदा चावला आणि ठरल्यासारखं म्हणाले, की आज फारच जाडा कापलाय बुवा.

"दोह्यात देतील बारीक कापून," मावशी म्हणाली आणि आत निघून गेली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी रोटीचा तुकडा मोडत राहिले. त्यानंतर ते जेवले, पण पाहुण्यासारखे, ताटाच्या कडेकडेने. शेजारच्या टेबलावर कोपऱ्यावरचा औषधवाला बायकोमुलांना घेऊन आला होता, त्यांचा हसण्याखिदळण्याचा आवाज चालला होता. मला हातिमचा राग येत होता, बाबांचा येत होता, आणि आपण आत जाऊन उगाच तोंड वाजवलं याचाही येत होता.

जेवण झालं की अबू मिशाल लांब चोचीची पितळी किटली घेऊन फिरतो. त्याची कडू कॉफी आमच्याकडच्या जुन्या रीतीने चालते. एका हातात किटली, दुसऱ्यात बिनकानाचे चिमुकले कप. घोटभर कॉफी ओतून कप तुमच्या हातात देणार आणि समोर उभा राहणार. तुम्ही पिऊन कप त्याच्याच हातात परत द्यायचा. पुरे असेल तर देताना कप जरा हलवायचा. नाही हलवला, की तो पुन्हा ओततो. मधे कप टेबलावर टेकत नाही. तो टेकतो फक्त एका कारणासाठी, आणि ते कारण इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

अबू मिशालने बाबांना कप दिला. बाबांनी सवयीने घेतला, ओठापर्यंत नेला. तेवढ्यात मी डोळे वटारले आणि माझ्या त्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "बाबा."

बाबा दचकले आणि त्यांनी कप खाली ठेवला. टेबलावर, अबू मिशालच्या समोर, भरलेला.

अबू मिशालची किटली हवेत तशीच राहिली. औषधवाला बोलता बोलता थांबला. त्याच्या बायकोने मुलाच्या तोंडावर हात ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात मावशी फडक्याला हात पुसत उभी होती, ती पुसायची थांबली.

अबू मिशालने किटली बाजूला ठेवली, खांद्यावरचा रुमाल नीट केला, एक खुर्ची ओढली आणि आमच्यासमोर बसला. मुलीच्या घरचा वडीलधारा बसतो तसा, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"अबू हातिम," तो म्हणाला, "वर्षभर किटली घेऊन वाट बघतोय मी. बोला, काय मागणं आहे तुमचं?"

मला हसू फुटणार होतं. डॉक्टरांनी कॉफी बंद केली आहे, एवढं एक वाक्य बोललं की झालं असतं. सगळे हसले असते, अबू मिशाल थोडा ओशाळला असता, आणि आम्ही घरी जाऊन बॅगा भरल्या असत्या. वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी थांबले ती केवळ एवढ्यासाठी, की ते बाबांनी आधी म्हणावं.

बाबा म्हणेनात. त्यांचे कान तांबडेलाल झाले होते. हात कपाशेजारी होता, पण ते कप उचलतही नव्हते आणि दूरही सारत नव्हते. इतकी लग्नं जमवलेला माणूस. कप चुकून ठेवला गेला हे त्यांना कळलं होतं, त्याचा अर्थ काय झाला हे कळलं होतं, आणि तरी ते ती चूक दुरुस्त करत नव्हते. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं होतं, तेही चुकून, आणि आता ते परत घ्यायला त्यांचं मन होत नव्हतं.

मला आई आठवली. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, सांगून टाकावं डॉक्टरांचं. मग ते अक्कूब आठवलं, रक्ताळलेली बोटं आठवली, ती खालची रोटी आठवली. आणि मंगळवारी या माणसाला कुठल्याशा उंच इमारतीत, न उघडणाऱ्या खिडकीपाशी बसवायचं होतं, कारण तो नाही म्हणत नाही. मावशीला मी मावशीच म्हणते, आणि सावत्र आईलाही आमच्यात मावशीच म्हणतात. तेवढं तरी बदलावं लागणार नव्हतं.

आता नवरामुलगा स्वतः बोलत नाही, ही रीत. त्याच्या बाजूच्या कुणीतरी बोलायचं असतं, आणि बाजूला मी एकटी होते. बाईने मागणी घातलेली आमच्या गल्लीत कुणी ऐकलेली नाही. पण लहानपणापासून दाराआडून ऐकून ऐकून बाबांचं ते बोलणं मला पाठ होतं. मी ओढणीशी चाळा करणारी बाई नव्हे. मी ताठ बसले आणि घसा साफ केला.

"अबू मिशाल, आमची एक मागणी आहे," मी म्हटलं. "तुमची बहीण आम्ही आमच्या बाबांसाठी मागायला आलोय. ती पुरी झाल्याशिवाय ही कॉफी आम्ही पिणार नाही."

बाबांनी मान खाली घातली. अबू मिशाल मागे वळला. आपलं उत्तर काय ते तिच्याकडेच आहे, असं म्हणून त्याने खुर्ची जरा बाजूला सरकवली, म्हणजे ती आम्हाला नीट दिसावी.

मावशीने फडक्याची घडी घातली. ती मोडून पुन्हा घातली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"मंगळवारचं काय?" तिने बाबांना विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं. हे मी बोलून चालणार नव्हतं.

बाबांनी वर पाहायला वेळ घेतला. "मला नाही जायचं," ते म्हणाले. आवाज बसका निघाला, म्हणून घसा खाकरून पुन्हा म्हणाले, या वेळी औषधवाल्याच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं. "मला दोह्याला नाही जायचं. मला इथे राहायचंय."

"मग कॉफी प्या, अबू हातिम," मावशी म्हणाली. "गार होतेय. आणि कांदा मी कापते तसाच कापणार, ते आधीच सांगून ठेवते."

औषधवाल्याच्या बायकोने अशी ललकारी दिली, की रस्त्यावरून जाणारे दोघे दारात डोकावले. अबू मिशालने उठून बाबांच्या खांद्यावर थापा मारल्या. मावशी आत पळाली, आणि आत काहीतरी जोरात पडल्याचा आवाज आला. मला संध्याकाळी हातिमला फोन करायचा होता, लबीबला जर्मनीत कळवायचं होतं, मुनीरला सांगायचं होतं. पण पहिल्यांदा मी डोळे पुसले, कारण मला फार बरं वाटत होतं.

बाबांनी कप उचलला. ओठाशी नेला आणि थांबून माझ्याकडे पाहिलं.

"एक घोट," मी बजावलं. "एकच."

त्यांनी मान डोलावली आणि कप एका दमात रिकामा केला. मग हात लांब करून तो अबू मिशालपुढे धरला. हलवला नाही. तसाच, स्थिर, पुढे धरून ठेवला.

अबू मिशालने किटली उचलली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.